‘गोळीवरच आहे ना!’ : मुलांचा मधुमेह आणि पुढची वर्षं

लहान वयातल्या मधुमेहाबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा सूर एकच, ‘पुढे काय होईल?’ याचं उत्तर साखरेच्या आकड्याइतकंच मधुमेहाच्या प्रकारावर ठरतं, आणि नेमका प्रकारच अर्ध्या पत्रांत लिहिलेला नव्हता. टाइप १ मध्ये शरीरात इन्शुलिन बनणंच जवळजवळ थांबतं, म्हणून ते टोचून घ्यावं लागतं. टाइप २ मध्ये इन्शुलिन बनतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. ज्यांनी तपशील दिला, त्यांची पत्रं या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, वजन ७८ किलो. दोन महिन्यांपूर्वी टाइप २ मधुमेह निघाला. मेटफॉर्मिन सुरू आहे. माझ्या नणंदेचा मुलगा सातव्या वर्षापासून इन्शुलिनवर आहे. घरातले म्हणतात, ‘हिचं सौम्य आहे, गोळीवरच आहे ना, सुई तरी नाही.’ बरोबर आहे का हे? – एक आई, सांगली

नाही, ताई. घरचे धीर द्यायला म्हणत असतील, पण हिशेब उलटा आहे. सुई लागते की गोळी, यावरून आजाराचा कडकपणा ठरत नाही. आजोबांना साठाव्या वर्षी लागलेला टाइप २ आणि नातीला चौदाव्या वर्षी लागलेला टाइप २, नाव एक असलं तरी चाल वेगळी.

अमेरिकेत ‘सर्च’ नावाच्या अभ्यासात विशीच्या आत मधुमेह झालेल्या मुलामुलींना सरासरी आठ वर्षांनी तपासलं. २०१७ साली आकडे प्रसिद्ध झाले. वयाचा फरक जमेस धरूनही किडनीचा त्रास टाइप १ मध्ये ५.८ टक्के, तर टाइप २ मध्ये १९.९ टक्के. पायांच्या नसांचा ८.५ विरुद्ध १७.७. डोळ्याच्या पडद्याचा ५.६ विरुद्ध ९.१. वाढलेला रक्तदाब १०.१ विरुद्ध २१.६. एकविसाव्या वर्षापर्यंत यांतली किंवा अशीच निदान एक तरी गोष्ट टाइप २ वाल्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांत दिसली, टाइप १ वाल्यांत ३२ टक्क्यांत.

दुसरा अभ्यास ‘टुडे’ नावाचा, तोही अमेरिकेतला. १० ते १७ वयाची टाइप २ असलेली ६९९ मुलं. नुसत्या मेटफॉर्मिनवर ठेवलेल्यांपैकी निम्म्या मुलांची साखर पुढे आवाक्यात राहिली नाही. हीच मुलं सरासरी २६ वर्षांची झाली, म्हणजे निदानाला १३ वर्षं झाली, तेव्हा ६७.५ टक्क्यांना रक्तदाब आणि ५४.८ टक्क्यांना किडनीचा आजार झालेला होता. सव्विसावं वर्ष म्हणजे आपल्याकडे नोकरीला लागून लग्नाचं बघायचं वय.

असं का होतं? वयात येताना वाढीच्या हार्मोन्समुळे शरीर तसंही इन्शुलिनला दाद देईनासं होतं. त्यात वजन जास्त असेल तर स्वादुपिंडावर दुहेरी ओझं पडतं, आणि मुलांमध्ये इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मोठ्यांच्या मानाने लवकर थकतात. शिवाय टाइप २ एकटा येत नाही. रक्तदाब, चरबीचं बिघडलेलं प्रमाण आणि यकृतातली चरबी असा गोतावळा त्याच्याबरोबर असतो. आपल्याकडे अगडबंब न दिसणाऱ्या मुलांनाही तो होतो. पुण्याजवळच्या गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की आपली बाळं वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा त्या मानाने जास्त असतो. म्हणून ‘हिच्यापेक्षा जाड मुली वर्गात आहेत’ हा युक्तिवाद चालत नाही.

आता करायचं काय? टाइप १ मध्ये डोळे आणि लघवीची तपासणी काही वर्षांनी सुरू करतात, कारण तिथे आजाराची सुरुवात ठळक असते. टाइप २ कधी सुरू झाला हे कळतच नाही, निदानाआधी दोन वर्षं तो मुक्कामाला असू शकतो. म्हणून सगळ्या तपासण्या निदानाच्या वेळीच लागतात. दोन महिने झाले आहेत, तर याच महिन्यात उरका :

दंडाच्या मापाच्या पट्ट्याने रक्तदाब. पट्टा अपुरा पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. १३ वर्षांच्या पुढे १३०/८० किंवा त्याहून अधिक म्हणजे वाढलेला. सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे किडनीतून प्रथिन झिरपतं का ते. बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. पायांची तपासणी. यकृतासाठी एसजीपीटी. साखर थोडी आटोक्यात आली की कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. पुढे हे सगळं दरवर्षी, रक्तदाब मात्र दर भेटीत. मुलगी घोरत असेल किंवा पाळी दोन-दोन महिने चुकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींचा याच्याशी संबंध असतो.

मेटफॉर्मिन सहसा ५०० मिलिग्रॅमपासून वाढवत दिवसाला २००० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. पोट बिघडतं म्हणून मुलं गुपचूप सोडून देतात. जेवणासोबत घेतली आणि मात्रा हळूहळू वाढवली की बहुतेकांना सोसते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली हवी. ती गाठली जात नसेल तर पुढचं औषध किंवा इन्शुलिन लवकर जोडावं. ‘इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी’ या समजुतीपायी दोन-तीन वर्षं वाया गेलेली मुलंच पुढे किडनीच्या ओपीडीत दिसतात. वजन ७ ते १० टक्के उतरलं तरी फरक पडतो, म्हणजे तुमच्या मुलीचे साडेपाच ते आठ किलो.

आणि मानेवरचा काळा पट्टा असेल तर तो मळ नाही. शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची ती खूण आहे. दगडाने घासून तो जाणार नाही, उगाच कातडं सोलवटेल.

प्रश्न : मला नवव्या वर्षापासून टाइप १ आहे, आता १६ पूर्ण. शेवटची एचबीएवनसी ९.४. प्रत्येक जण किडनी आणि डोळ्यांची भीती घालतो. सात वर्षं झाली, आता व्हायचं ते होऊन गेलं असेल तर कशाला धडपड करू? – अकरावीतला विद्यार्थी, नाशिक

मित्रा, रोखठोक उत्तर : बहुधा अजून फारसं काही झालेलं नाही, आणि धडपडीचा सगळ्यात जास्त मोबदला मिळतो तो याच वयात.

याचा पुरावा पक्का आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ च्या १४४१ जणांवर ‘डीसीसीटी’ ही चाचणी झाली. त्यात १३ वर्षांपासूनची मुलंही होती. एका गटाची एचबीएवनसी ७ च्या आसपास ठेवली, दुसऱ्याची ९ च्या आसपास राहिली, म्हणजे तुझ्याजवळपास. ज्यांचे डोळे सुरुवातीला ठणठणीत होते, त्यांच्यात पडद्याचा आजार होण्याचं प्रमाण पहिल्या गटात ७६ टक्क्यांनी घटलं. खरी गंमत पुढे झाली. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच, ८ च्या आसपास येऊन ठेपली. तरीही पूर्वी साखर नीट ठेवलेल्यांना पुढे कित्येक वर्षं फायदा मिळत राहिला, हृदयविकार आणि तत्सम घटना ४२ टक्क्यांनी कमी झाल्या. शरीर जुनी साखर लक्षात ठेवतं, चांगली आणि वाईट दोन्ही.

९.४ म्हणजे दिवसरात्रीची सरासरी साखर साधारण २२३. ८ म्हणजे १८३, ७ म्हणजे १५४. एकदम ७ ची उडी मारू नकोस. वर्षानुवर्षं चढी असलेली साखर दोन-तीन महिन्यांत धाडकन उतरवली तर पडद्याचा आधीपासूनचा आजार काही काळ उलट बळावतो, कधी पायांत आग होते. म्हणून आधी डोळे तपासून घे, मग दर तीन महिन्यांनी अर्धा-एक टक्का उतरव.

तू डोस चुकवत नसशील आणि तरी ९.४ येत असेल, तर आज रात्री एक कर. पोटावर, मांड्यांवर जिथे टोचतोस तिथे तेलाचा हात फिरव. कुठे मऊ, रबरासारखी गाठ किंवा उंचवटा लागतो का बघ. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ होते, आणि तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून हात पुन्हा तिथेच जातो. पण गाठीतून इन्शुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. सकाळी २८०, दुपारी ६० असा झोका पुष्कळदा यामुळे असतो. गाठीची जागा निदान दोन-तीन महिने पूर्ण सोडून दे. पोटाचे चार भाग कर, आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक टोचणं आधीच्यापासून एक बोट दूर. चार मिलिमीटरची सुई पुरते, ती दरवेळी नवी. एक खबरदारी मात्र घे : चांगल्या जागेवर आल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारून डोस थोडा कमी कर, आणि पहिले काही दिवस साखर वरचेवर तपास.

आणि डोस चुकवत असशील, तर तसं सांग. कॉलेजात डबा खाताना चार जणांत पेन काढायची लाज, हे चढ्या एचबीएवनसीचं फार मोठं कारण आहे आणि ते कुठल्याही रिपोर्टात येत नाही. डॉक्टर मग तुझा डोस वाढवत बसतात, आणि ज्या दिवशी तू सगळे डोस घेतोस त्या दिवशी साखर कोसळते.

डोळे, लघवीतलं अल्ब्युमिन, पाय, रक्तदाब हे वर्षातून एकदा. सात वर्षांत एकदाही झालं नसेल तर याच सुट्टीत.

प्रश्न : मुलीला टाइप १, वय १३. लघवीत अल्ब्युमिनचं प्रमाण ६२ आलं, ३० च्या आत हवं होतं. खो-खोच्या सरावावरून येताना नमुना दिला होता. रक्तातलं क्रिएटिनिन ०.६, नॉर्मल आहे. किडनी गेली का? – पालक, सातारा

एका नमुन्यावर कुणाची किडनी जात नाही. पळापळ, ताप, मासिक पाळी, लघवीचा संसर्ग, यांतलं काहीही हा आकडा वाढवतं. काही किशोरवयीन मुलांत तर नुसतं दिवसभर उभं राहिल्याने तो वाढतो आणि रात्री झोपेत उतरतो, यात आजार काहीच नसतो. म्हणूनच सकाळी उठल्याउठल्या पहिली लघवी घ्यायची, आदल्या दिवशी सराव बंद, पाळीचे दिवस टाळायचे. तीन ते सहा महिन्यांत असे तीन नमुने द्यायचे. तीनपैकी दोन ३० च्या वर आले तरच खरं मानायचं.

तसे आले तर मात्र ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ म्हणून गप्प बसू नका. सुरुवातीच्या काळात किडनी उलट जास्त गाळत असते, क्रिएटिनिन चढतं ते पुष्कळ नुकसान झाल्यावर. लघवीच्या साध्या पट्टीवरही इतकं कमी अल्ब्युमिन दिसत नाही. या टप्प्यावर साखर आणि रक्तदाब सुधारला तर आकडा पुन्हा ३० च्या आत येऊ शकतो. डॉक्टर एनालाप्रिलसारखं औषध सुरू करतील. ते रक्तदाबाचं असलं तरी इथे किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब कमी करायला देतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, टाइप १. दोन वर्षांत उंची जेमतेम तीन सेंटिमीटर वाढली. इन्शुलिनमुळे वाढ खुंटते का? – बीड

इन्शुलिनमुळे नाही, ते कमी पडल्यामुळे. खाल्लेलं अंगी लागायला इन्शुलिनच लागतं. वर्षानुवर्षं डोस अपुरा असेल तर उंची थांबते, वयात येणं लांबतं, यकृत वाढून पोट पुढे येतं. मुलाला छातीशी हात जोडून घट्ट नमस्कार करायला सांगा आणि बाजूने बघा. तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकली नाहीत, बोटांमध्ये फट राहिली, तर सांध्यांजवळची कातडी आणि ऊती ताठर होत आहेत. बरेच दिवस चढ्या साखरेची ही खूण, आणि अशा मुलांत डोळे-किडनीचा त्रासही अधिक आढळतो. सोबत थायरॉइडसाठी टीएसएच आणि गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या सिलिअ‍ॅकसाठी टीटीजी-आयजीए तपासून घ्या. टाइप १ च्या मुलांत हे दोन्ही इतरांपेक्षा जास्त दिसतात. सिलिअ‍ॅक निघालाच तर गहू कायमचा बंद, ज्वारी-बाजरीची भाकरी मात्र खुशाल चालते. या बाबतीत मराठवाड्याचं ताट नशीबवान.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, अंगाने सडपातळ. शाळेच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११८ आली, एचबीएवनसी ६.३. माझीही वीस वर्षं १२० च्या आसपासच आहे, वडिलांचीही तशीच होती. ते ८१ व्या वर्षी गेले, किडनी-डोळे शेवटपर्यंत चांगले. मुलाला गोळी सुरू करायला सांगितली आहे. – वर्धा

गोळी घेण्याआधी थांबा. तीन पिढ्या, प्रत्येकाची साखर थोडीशीच चढी, वर्षानुवर्षं तिथेच अडकलेली, आणि कुणाला काही झालेलं नाही. ही गोष्ट टाइप १ ची वाटत नाही आणि टाइप २ चीही वाटत नाही. एका जनुकातल्या बदलामुळे होणाऱ्या मधुमेहाला ‘मोडी’ म्हणतात. (आपल्या मोडी लिपीशी याचा संबंध नाही, पण वाचायला दोन्ही तितकेच अवघड.) तुमच्या वर्णनावरून त्यातल्या ग्लुकोकायनेज प्रकाराची दाट शक्यता वाटते. ग्लुकोकायनेज हे साखर मोजणारं विकर. त्यात फरक असला की शरीर साखरेची पातळी जरा वरच्या आकड्यावर बांधून ठेवतं, उपाशीपोटी साधारण ९९ ते १४४. ती जन्मापासून तशीच असते. ब्रिटनमध्ये अशा लोकांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की सरासरी ४८ वर्षं अशी साखर राहूनही किडनीचे किंवा हृदयाचे गंभीर विकार इतरांपेक्षा जास्त झाले नाहीत. पडद्यावर बारीक ठिपके अधिक जणांत होते, पण उपचार लागावेत असे नव्हते. गोळ्यांनी या साखरेत फरकही पडत नाही, कारण औषध दिलं तरी शरीर आपला आकडा धरून बसतं. फक्त गरोदरपणात वेगळी देखरेख लागते.

पण नुसत्या अंदाजावर स्वस्थ बसू नका, कारण मोडीचाच दुसरा प्रकार, एचएनएफवनए, अगदी वेगळा वागतो. तोही पिढ्यान्‌पिढ्या चालतो, अंगकाठी सडपातळ असते, पण साखर वयाबरोबर चढत जाते आणि गुंतागुंती टाइप १ सारख्याच होतात. पुष्कळ मुलांना चुकून टाइप १ समजून वर्षानुवर्षं इन्शुलिन दिलं जातं. खरं तर त्यांना ग्लिक्लाझाइडसारखी साधी गोळी अगदी लहान मात्रेत छान लागू पडते. नेहमीची मात्रा दिली तर साखर कोसळते.

दोन्हींत फरक करायला जनुक तपासणी लागते. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये ती होते. त्याआधी जीएडी प्रतिपिंडं (शरीर स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलं आहे का) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्शुलिन किती बनवतं) या रक्ताच्या तपासण्या इथेच करून घ्या. प्रतिपिंडं सापडली तर टाइप १, आणि पुढचा खर्च वाचला. जाताना तुमचे आणि वडिलांचे जुने रिपोर्ट घेऊन जा. वीस वर्षांचे सारखे आकडे डॉक्टरांना बरंच काही सांगून जातात.

प्रश्न : मुलाला सिकलसेलचा आजार आहे, आणि गेल्या वर्षी मधुमेहही निघाला. एचबीएवनसी ५.९ येते, पण ग्लुकोमीटरवर रोज २२० ते २५०. कोणतं खरं? – गडचिरोली

मीटर. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीला तिच्या आयुष्यात किती साखर चिकटली याचं मोजमाप, आणि ते पेशी सुमारे १२० दिवस जगते असं धरून केलेलं. सिकलसेलमध्ये पेशी त्याच्या बरीच आधी फुटते, साखर चिकटायला वेळच मिळत नाही. रक्त चढवलं असेल तर रिपोर्टात अर्धी साखर रक्तदात्याची. या मुलासाठी एचबीएवनसीवर पैसे घालवू नका. दिवसातून चार वेळा मीटर, आणि दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिन तपासणी. डोळ्यांची तपासणी जास्त काटेकोर हवी, कारण सिकलसेल आणि मधुमेह दोन्ही पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांवरच घाला घालतात. ज्यांना लोहाची कमतरता आहे, त्यांच्यात उलटं होतं, पेशी जुन्या राहतात आणि एचबीएवनसी खोटी जास्त येते.

प्रश्न : मी २४ वर्षांची, बारा वर्षं टाइप १. एचबीएवनसी ७.८. लघवीत अल्ब्युमिन जात होतं म्हणून दोन वर्षं रॅमिप्रिल सुरू आहे. लग्न ठरतंय. मूल होऊ देणं सुरक्षित आहे का? त्यालाही मधुमेह होईल का? – पुणे

होऊ शकतं, पण तारीख तुम्ही ठरवायची. बाळाचे अवयव पहिल्या सात-आठ आठवड्यांत बनतात. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन डॉक्टरांकडे जाईपर्यंत यातला बराचसा काळ सरलेला असतो. त्या वेळी साखर चढी असेल तर हृदयाचे आणि मज्जारज्जूचे दोष होण्याचा धोका वाढतो. म्हणून एचबीएवनसी ६.५ च्या खाली आल्याखेरीज गर्भनिरोधक थांबवू नका. रॅमिप्रिल गर्भाला घातक आहे, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन असेल तर तीही चालत नाही. आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर दुसरं औषध बदलून देतील. फॉलिक अ‍ॅसिड निदान महिनाभर आधी सुरू. डोळ्यांचा पडदा आधी एकदा आणि मग प्रत्येक तिमाहीत तपासून घ्या, कारण गरोदरपणात तो झपाट्याने बिघडू शकतो. किडनीची सध्याची स्थिती लेखी घेऊन ठेवा. अल्ब्युमिन जाणाऱ्यांमध्ये रक्तदाब वाढण्याचा आणि बाळ वेळेआधी येण्याचा संभव जास्त असतो, तेव्हा प्रसूती मोठ्या रुग्णालयातच करा.

मुलाबद्दल : पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांनुसार आईला टाइप १ असेल आणि बाळंतपण पंचविशीनंतर असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात एक. पंचविशीआधी असेल तर पंचविसात एक. वडिलांना टाइप १ असेल तर सतरात एक, म्हणजे बापाकडून जास्त. ठरवाठरवीच्या बैठकीत कुणी ‘मुलीकडून आजार येईल’ म्हणालं तर हा आकडा सांगा, आणि समोरच्या घरात टाइप २ किती जणांना आहे तेही विचारा. आईवडिलांकडून मुलांत उतरण्यात टाइप २ टाइप १ च्या फार पुढे आहे.